मासा चिरण्याची विद्या

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, घरांत मासा कसा चिरावा हा इतिहासाचा विषय कसा होऊं शकतो? इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तहनामे आणि ताम्रपट हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु राजालाहि दोन वेळां जेवावें लागतें, आणि त्याच्या पानांत जें पडतें तें कोणी तरी निवडलेलें, धुतलेलें व चिरलेलें असतें. हें चिरण्याचें काम हजारों वर्षें चालत आलें आहे. त्याचीं हत्यारें आहेत, पद्धती आहेत आणि त्या पद्धतींना कारणेंहि आहेत. ज्या श्रोत्यांच्या घरीं मत्स्याहार वर्ज्य आहे त्यांनीं कृपा करून कान फिरवूं नयेत. त्यांच्या घरची भाजी ज्या विळीवर चिरली जाते तीच विळी या आख्यानाची नायिका आहे.

या विषयासाठीं मी आपणांस कोंकणांत न नेतां प्रथम तेर येथें घेऊन जाणार आहें. तेर हें गांव धाराशिवच्या, म्हणजे परवांपरवांपर्यंत ज्यास उस्मानाबाद म्हणत त्या शहराच्या, ईशान्येस तेरणा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. वारकरी त्यास संत गोरा कुंभारांचें गांव म्हणून ओळखतात. इतिहासाचे अभ्यासक त्यास 'तगर' म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेंतील व्यापारी पुस्तकांत असें सांगितलें आहे कीं, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, अशा दोन मोठ्या पेठा होत्या. तगराहून पुष्कळसें साधें कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रें आणि समुद्रकांठच्या मुलखांतून तेथें येऊन पडणारा माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनीं भडोचला जात असे. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादन केलें. पुढें १९५८ सालीं चापेकर यांनीं तेथें उत्खनन करून प्राचीन वस्तीचे पुरावे उजेडांत आणले.

म्हणजे समुद्रापासून सुमारें तीनशें किलोमीटर आंत असलेल्या या गांवाचें समुद्राशीं नातें जुनें आहे. तें नातें दुसऱ्याहि एका बाजूनें दिसतें. उत्तर कोंकण व कोल्हापूर येथें राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर' हें बिरुद मोठ्या अभिमानानें लावीत. मासळीच्या मुलखावर राज्य करणारे हे राजे आपलें मूळ घाटावरच्या तगरांत सांगत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. या नद्यांच्या डोहांतील मरळ, वाम, शिंगटी असे मासे भोई लोक जाळ्यांनीं धरीत आले आहेत. ओल्या मासळीखेरीज सुकट आणि सुके बोंबील कोंकणांतून घाट चढून देशावरच्या आठवड्याच्या बाजारांत येतात. तेव्हां घाटावरच्या गृहिणीला मासा ठाऊक नाहीं, ही मुंबईकरांची समजूत बरोबर नाहीं. तिला वेगळा मासा ठाऊक आहे, इतकेंच.

आतां हत्याराकडे वळूं. दख्खनमधील शेतकऱ्यांच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकीं एक इनामगांव. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं असलेल्या या ठिकाणीं १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं उत्खनन केलें. आजपासून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या या लोकांजवळ तांबें होतें, पण थोडें. रोजच्या कापाकापीसाठीं ते गारेच्या जातीच्या दगडाचीं लांब, अरुंद आणि धारदार पातीं काढीत. एका अखंड दगडाला प्रथम कंगोरा पाडावयाचा व मग त्या कंगोऱ्याच्या रेषेनें दाब देऊन एकामागून एक सारखीं पातीं सोलावयाचीं, अशी ती खुबी होती. तेथें मिळालेल्या हाडांमध्यें माशांचीं हाडेंहि आहेत. त्या पात्याची धार आजच्या वस्तऱ्याला लाजवील अशी असते. मात्र तें ठिसूळ असल्यामुळें जाड कांट्यावर आपटलें कीं तुटतें. लोखंड हातीं आल्यावर ही अडचण संपली. घरांतल्या पात्याला वजन आलें, बांक आला आणि तें एका जागीं पक्कें बसवितां येऊं लागलें.

असें पक्कें बसविलेलें पातें म्हणजे आपली विळी. ही इतकी नित्याची वस्तु आहे कीं, तिच्यांत कांहीं विशेष आहे हेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं. पाश्चात्यांच्या सुरींत हत्यार हलतें आणि पदार्थ स्थिर असतो. विळींत याच्या उलट हत्यार स्थिर असतें आणि पदार्थ हलतो. चिरणारी बाई विळीच्या पाटावर एक पाय किंवा गुडघा दाबून बसते. तिच्या अंगाचा भार पाटावर पडतो, म्हणून पातें डगमगत नाहीं, आणि तिचे दोन्हीं हात मोकळे राहतात. निसरडा, वळवळता पदार्थ दोन हातांनीं धरून पात्यावर आणणें हें, एका हातानें तो दाबून धरून दुसऱ्या हातानें सुरी चालविण्यापेक्षां अधिक निर्धोक असतें. मासा हा तर निसरड्या पदार्थांचा शिरोमणि!

याच कारणानें ही वस्तु एकट्या महाराष्ट्राची नाहीं. कोंकणांत हिला मोरळी म्हणतात, गोव्यांत आदोळी, कर्नाटकांत ईळिगे मणे, तेलंगणांत व आंध्रांत कत्तिपीट, तमिळ मुलखांत अरुवामनै आणि बंगालमध्यें बोटी. तेर हें मराठी, कानडी आणि तेलुगु या तीन मुलखांच्या सांध्याजवळचें गांव. तेथून कोणत्याहि दिशेला गेलें तरी स्वयंपाकघरांत हीच वस्तु दुसऱ्या नांवानें भेटते. बंगालमधील जुन्या मृत्तिकाफलकांवर तर मासा चिरण्याचें आणि टोपलींतून मासळी बाजारास नेण्याचें दृश्य कोरलेलें आढळतें.

विळीवर मासा चिरण्याची रीत थोडक्यांत सांगतों. प्रथम मासा शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे खवल्यांच्या उलट दिशेनें, पात्याच्या बोथट बाजूनें किंवा जुन्या सुरीनें खरवडावयाचा. मरळ किंवा वाम असेल तर हाताला चुलींतली राख लावावयाची. राखेनें बुळबुळीतपणा जातो व पकड बसते. नंतर पर कापावयाचे, कल्ले उपटून काढावयाचे आणि पोट उभें चिरून आंतडीं बाहेर घ्यावयाचीं. येथें खरी परीक्षा असते. काळजाला लागून हिरवट पित्ताची लहानशी पिशवी असते. ती फुटली तर सगळें कालवण कडू होतें. जाणती बाई पातें पोटांत खोल जाऊं देत नाहीं. ती वरची कातडी तेवढी उघडते आणि पुढचें काम बोटांनीं करते. मग पोटांतली काळसर पापुद्र्याची झिल्ली घांसून काढून, मीठ-हळद चोळून मासा धुवावयाचा आणि शेवटीं पाठीच्या कांट्यावर आडवा धरून तुकड्या पाडावयाच्या. प्रत्येक तुकडीच्या मध्यभागीं कांट्याचा एक मणका राहतो. डोकें दुभागून रश्शासाठीं वेगळें ठेवावयाचें. यांतलें कांहींहि वाया जात नाहीं.

ही रीत कोणत्या ग्रंथांत लिहिलेली आहे काय? पूर्णपणें नाहीं, परंतु तिच्या अगदीं जवळ जाणारा एक ग्रंथ आपल्याकडे आहे आणि तो तेरहून फार दूर लिहिला गेलेला नाहीं. तेरच्या आग्नेयेस सरळ रेषेनें सुमारें शंभर किलोमीटरांवर कल्याण, म्हणजे आजचें बसवकल्याण आहे. ती उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल असें बिरुद होतें, यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणि' नांवाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पांच विंशति आणि प्रत्येक विंशतींत वीस अध्याय, असे शंभर अध्याय त्यांत आहेत. राज्य कसें मिळवावें येथपासून तों हत्ती, रत्नें, चित्रकला, संगीत आणि भोजन येथपर्यंत सर्व विषय त्यांत आले आहेत. जुन्या मराठींतील गीताचा नमुना त्यांत आढळतो, म्हणून मराठी भाषेच्या अभ्यासकांनाहि तो परिचित आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादिला. त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला.

या ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. गळ, दोरी, काठी आणि आमिष यांचें त्यांत वर्णन आहे. तीस-पस्तीस जातींच्या माशांचीं नांवें आहेत. खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रांतले व नद्यांतले असे त्यांचे भेद केलेले आहेत. आणि कोणत्या माशाला काय खाऊं घालून पुष्ट करावें हेंहि सांगितलें आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं या अध्यायावर निबंध लिहिला, तेव्हां आधुनिक शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें गेलें. खवले आहेत कीं नाहींत, हा भेद केवळ वर्गीकरणाचा नव्हे, तो चिरणाऱ्या हाताचाहि आहे. कारण खवल्यांचा मासा खरवडावा लागतो आणि बिनखवल्यांचा राखेनें धरावा लागतो.

त्याच ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणांत माशाच्या पाककृति आहेत. त्यांतली एक अशी: माशाचे तुकडे करून ते स्वच्छ धुवावे, चिंचेच्या कोळाबरोबर शिजवावे, वर गव्हाचें पीठ भरपूर भुरभुरावें आणि तापलेल्या तेलांत तांबूस होईतों तळावे, मग त्यांवर सैंधव, वेलदोड्याची पूड व मिरपूड घालावी. मिरचीचें नांव नाहीं हें उघडच आहे, कारण मिरची पोर्तुगीजांच्या मागून आपल्याकडे आली. चिंच, तेल आणि धुण्याचा आग्रह मात्र नऊशें वर्षांनंतर आजहि आपल्या ओळखीचा वाटतो.

परंतु श्रोतेहो, राजा 'तुकडे करून' एवढें म्हणतो आणि पुढें जातो. वर मी जें सारें सांगितलें, खवल्यांच्या उलट खरवडणें, पित्त न फोडणें, आडव्या तुकड्या पाडणें, तें सारें या दोन शब्दांत येतें. ग्रंथावर नांव राजाचें आहे. ज्या आचाऱ्यांनीं व दासींनीं ते तुकडे केले त्यांचीं नांवें कोठेंहि नाहींत. हातांच्या विद्येचा इतिहास लिहितांना हीच अडचण पदोपदीं येते. ज्यांना लिहितां येत होतें ते चिरत नव्हते आणि ज्या चिरत होत्या त्यांना लिहितां येत नव्हतें.

आतां दुसऱ्या पद्धतीकडे पाहूं. हल्लीं शहरांतील उपाहारगृहांत 'फिलेट' हा शब्द ऐकूं येतो. फिलेट म्हणजे कांटा वगळून माशाच्या बाजूचें सबंध मांस एका लांब कापांत काढणें. त्यासाठीं लांब, अरुंद आणि लवचिक पात्याची सुरी लागते. मासा फळीवर आडवा ठेवून कल्ल्याच्या मागें मधल्या कांट्यापर्यंत काप द्यावयाचा. मग पातें आडवें वळवून, कांट्याला घांसत घांसत, शेपटीपर्यंत लांब हातानें न्यावयाचें. पातें करवतीसारखें मागेंपुढें केल्यास मांस फाटतें. मासा उलटून दुसरी बाजू तशीच काढावयाची, बरगड्यांचे कांटे तिरपे कापून वेगळे करावयाचे आणि उरलेले बारीक कांटे बोटानें चाचपून चिमट्यानें उपटावयाचे. साल काढावयाची असल्यास शेपटीकडचें टोंक मीठ लावलेल्या बोटांनीं घट्ट धरून पातें साल व मांस यांच्यामधून सरकवावयाचें. जपानांत या रीतीस 'सान्माई ओरोशी', म्हणजे तीन भाग करणें, असें म्हणतात. दोन भाग मांसाचे व एक कांट्याचा. त्यासाठीं त्यांची 'देबा' नांवाची जाड पाठीची सुरी असते.

कित्येक सुशिक्षित लोकांचा असा समज दिसतो कीं, ही पाश्चात्य व जपानी रीत सुधारलेली आणि आपली आडव्या तुकडीची रीत अडाणी. हा समज चुकीचा आहे, आणि आजच्या भाषणांत मला मुख्यतः हेंच सांगावयाचें आहे. कोणती रीत चांगली हें माशाची हाडें ठरवितात.

रोहू, कटला, मृगळ या कुळांतल्या माशांत, तसेंच पाला ऊर्फ हिलसा याच्या कुळांत, मधल्या कांट्याखेरीज मांसाच्या आंत सुटे, बारीक, दुबेळक्याच्या आकाराचे कांटे असतात. ते पाठीच्या कण्याला जोडलेले नसतात. अशा माशाचा लांब काप काढला तर कणा वेगळा होतो खरा, पण हे शेंकडों कांटे मांसांतच राहतात आणि घांसागणिक गळ्यांत जातात. आडवी तुकडी पाडली म्हणजे हे कांटे तुकडीच्या रुंदीपुरते आंखूड होतात, त्यांचीं टोंकें तुकडीच्या कडेला दिसतात, आणि खाणाऱ्याला ते बोटांनीं काढून टाकतां येतात. हातानें जेवणाऱ्या समाजाला ही रीत सोयीची आहे. शिवाय कणा तुकडींत राहिल्यामुळें मांस रश्शांत विरघळत नाहीं आणि कण्याचा कस रश्शांत उतरतो.

जपानी लोकांनाहि हा प्रश्न सुटला नव्हता. समुद्रापासून आंत असलेल्या क्योतो शहरांत 'हामो' नांवाचा वामेसारखा समुद्री मासा मोठ्या आवडीनें खातात. त्याचे कांटे काढतां येत नाहींत, म्हणून तेथील आचारी त्याच्या मांसावर, साल न तुटूं देतां, तीन सेंटिमीटरांत चोवीस-पंचवीस इतके दाट काप घालतात. कांटा निघत नसेल तर तो तोडावा, हें तत्त्व क्योतोच्या आचाऱ्याला आणि आपल्या विळीवरच्या बाईला, दोघांनाहि ठाऊक होतें.

उलट मरळ, सुरमई, रावस, जिताडा या माशांत हे सुटे दुबेळक्याचे कांटे नसतात. त्यांचे लांब काप सुखानें निघतात. आपल्या लोकांना तें माहीत नव्हतें असेंहि नाहीं. बोंबील तळावयाचा असेल तेव्हां मुंबईची गृहिणी तो उभा चिरून उघडते, मधला कांटा ओढून काढते आणि पाणी निथळावें म्हणून वजनाखालीं दाबून ठेवते. गोव्यांत रेशाद करावयाचा झाला म्हणजे बांगड्याच्या पाठीच्या कांट्याला लागून दोन्हीं बाजूंनीं खोल काप देऊन मसाला भरण्यास खिसा करतात. फिलेट काढणाऱ्या सुरीचा पहिला काप हाच! म्हणजे उभा काप आपल्याला येत होता. तो कोठें वापरावा आणि कोठें वापरूं नये याचा विवेक आपल्याजवळ होता.

गेल्या सत्तर वर्षांत या विवेकाची नवी परीक्षा झाली. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्याकडचे मासे. त्यांचें बीं पूर्वीं नद्यांतूनच गोळा करावें लागे. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत या कुळांतील माशांची अंडीं ग्रंथिरसाचें इंजेक्शन देऊन मिळविलीं, आणि तेव्हांपासून हें बीं हवें तेवढें तयार होऊं लागलें. दख्खनमध्यें जागोजाग धरणें झालीं, तेरजवळ तेरणेवरहि झालें, आणि जलाशयांत हे मासे सोडण्यांत येऊं लागले. उजनीच्या पाण्यांत तर मूळचा आफ्रिकेचा तिलापिया इतका माजला कीं, लोकांनीं त्यास 'चिलापी' असें घरगुती नांवहि देऊन टाकलें. भिगवणच्या बाजारांत तो ढिगांनीं येतो. याप्रमाणें घाटावरच्या विळीपुढें एका पिढींत नवे मासे आले. रोहू-कटला आला तेव्हां तिनें त्याच्या आडव्या तुकड्या पाडल्या, आणि तेंच योग्य होतें. चिलापींत मात्र ते सुटे कांटे नसतात, म्हणूनच सगळ्या जगांत त्याचे बिनकांट्याचे काप विकले जातात. ज्या घरांत लहान मुलें किंवा वृद्ध माणसें आहेत तेथें चिलापी अथवा मरळ आणून लवचिक सुरीनें लांब काप काढणें हें शहाणपणाचें ठरेल. जुनें तेवढें राखावें असा माझा आग्रह नाहीं. हाडें पाहून पातें धरावें, एवढाच आहे.

परंतु आज अडचण निराळीच उभी आहे. शहरांतील घरांत उभ्यानें स्वयंपाक करण्याचे ओटे आले, बैठक गेली आणि बैठकीबरोबर विळी माळ्यावर गेली. मासा बाजारांतच साफ करून, तुकड्या पाडून मिळूं लागला. त्यांत गृहिणीचे कष्ट वांचले, याबद्दल कोणीहि तक्रार करूं नये; ओल्या फरशीवर बसून तासभर मासळी साफ करणें हें कांहीं सुख नव्हे. मात्र कष्टांबरोबर ज्ञानहि घरांतून बाहेर गेलें. कोणत्या माशाचें पित्त कोठें असतें, कोणता कांटा निघतो व कोणता तोडावा लागतो, हें आजीला ठाऊक होतें. तें नातीला ठाऊक नाहीं, आणि तें लिहून ठेवलेलें असें फारच थोडें आहे. मानसोल्लासाच्या काळीं जें झालें तेंच पुन्हां होत आहे. पाककृतींच्या पुस्तकांत आजहि 'मासा साफ करून तुकडे करावे' एवढेंच वाक्य असतें आणि लेखिका पुढच्या मसाल्याकडे वळते.

तेरच्या टेकाडांवर सांपडणारे मणी, नाणीं, मातीच्या बाहुल्या आणि हस्तिदंती मूर्ति रामलिंगप्पा लामतुरे या तेथल्याच गृहस्थांनीं वर्षानुवर्षें जमविल्या; त्या संग्रहांतून तेथें त्यांच्या नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं घराघरांतील दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकाचीं साधनें गोळा केलीं आणि १९७५ सालीं आपला सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. या दोघांनीं वस्तु वांचविल्या. वस्तूमागची हातोटी मात्र कांचेच्या कपाटांत ठेवतां येत नाहीं. ती विचारून लिहून घ्यावी लागते.

म्हणून माझी श्रोत्यांस एक विनंती आहे. आपल्या घरांत किंवा शेजारीं जी वडीलधारी बाई विळीवर मासा चिरीत असे, तिच्याजवळ वही घेऊन बसावें. कोणता मासा, कोठून चिरला, राख कां लावली, डोक्याचे दोन भाग कसे केले, हें तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें आणि वर तिचें नांव लिहावें. सोमेश्वर राजाच्या ग्रंथांत जी जागा कोरी राहिली ती आपल्या वहींत तरी भरून निघेल.